राखून ठेवलेला उतार

मित्रांनो, मी एक जुना कोयता आहे आणि मला स्वस्थ बसवत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे सांगता सांगता मी पुढे पळालो तर नावं ठेवू नका. माझं पातं वीतभर लांब, पाठ जाड आणि टोक चौकोनी आहे. मूठ आतापर्यंत तीनदा बदलली, पातं मात्र मूळचंच. दगडावर घासून घासून ते चांगलं बोटभर अरुंद झालं आहे.

माझा जन्म तानाबेच्या बंदराजवळ एका लोहाराच्या पडवीत झाला. लोहार भयंकर तिरसट होता. त्याने मऊ लोखंडाच्या दोन पट्ट्यांमध्ये पोलादाची पट्टी घातली, लाल केली, ठोकली, पुन्हा लाल केली, पुन्हा ठोकली. शेवटी पाण्यात बुडवलं तेव्हा मी असा चरचरलो की शेजारचं मांजर पळून गेलं. त्या दिवशी माझ्या अंगात जी घाई भरली ती आजतागायत उतरलेली नाही. कापू द्या, काहीतरी कापू द्या, असं मला सारखं वाटत असतं.

मला विकत घेतलं कुमाजिरोने. तो तेव्हा एकवीस वर्षांचा होता आणि कोळशाची पोती घेऊन डोंगरातून खाली उतरला होता. त्याने मला उचललं, नखाने पात्यावर टिचकी मारली, कान लावून ऐकलं आणि कमरेच्या लाकडी म्यानात खोचलं. त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या कोळसा भाजायचं काम. लोखंड असो की कोळसा, ही माणसं आधी वाजवून बघायची. मला तो तेव्हाच आवडला.

वाटलं, आता आपली चंगळ आहे. डोंगरभर झाडं, आणि धनी असा तरणाबांड. पण पहिल्याच दिवशी माझा विरस झाला. त्या डोंगरात उबामे नावाचा ओक वाढतो. झाड बुटकं, पानं बारकी आणि कडक, बारा महिने हिरवी. लाकूड इतकं टणक की पाण्यात टाकलं तर बुडतं. एकेका बुडख्यातून दहा-बारा खोडं वर आलेली असतात, काही मनगटाएवढी, काही अंगठ्याएवढी. मी सपासप निघालो होतो, तोच कुमाजिरोच्या बापाने त्याच्या हातावर फटका मारला. म्हातारा म्हणाला, मनगटाएवढी झालेली तेवढीच घ्यायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही. त्यांच्या जिवावर मूळ जगतं, त्यांच्या सावलीत माती टिकते. सात-आठ वर्षांनी परत यायचं, तोवर अंगठ्यांची मनगटं झालेली असतात.

आणि कापायचं ते अगदी पायथ्याशी. काप तिरका हवा, दरीच्या बाजूला उतरता, म्हणजे बुडख्यावर पाणी साचत नाही आणि साल फाटत नाही. खोड पाडायला करवत असायची, पण फांद्या साळणं आणि बुडख्याची कड तासून साफ करणं हे काम माझं. मी कापायला जन्मलो आणि मला शिकवलं काय, तर सोडून द्यायला. पहिली दोन वर्षं मी नुसता आतल्या आत धुमसत होतो. मग एकदा आम्ही माझ्या जन्माआधी, आठ वर्षांपूर्वी, कापलेल्या जागी गेलो. मी ज्यांच्याकडे हावरटासारखा बघायचो तसली, म्हाताऱ्याने तेव्हा सोडलेली सगळी खोडं तिथे उभी होती, मनगटाएवढी, आता घ्या म्हणत. तेव्हा कुठे म्हाताऱ्याचं म्हणणं माझ्या पात्यात शिरलं.

उबामेचं खोड कधी सरळ नसतं. वाकडी लाकडं भट्टीत नीट उभी राहत नाहीत. म्हणून वाकणाच्या आतल्या बाजूला मी खाच पाडायचो, तिच्यात लाकडाची लहानशी पाचर ठोकायची, की लाकूड सरळ व्हायचं. ही माझी खरी कला होती. कुमाजिरो दिवसाला शंभर-सव्वाशे लाकडं माझ्याकडून सरळ करून घ्यायचा. भट्टी पेटली की तो धुराचा वास घेत बसायचा. धूर आंबट आहे, अजून लाकूड ओलं आहे. धूर झोंबतोय, आता आच धरली. शेवटी पांढरा लखलखीत झालेला कोळसा लांब आकडीने बाहेर ओढायचा आणि ओल्या राखेखाली दाबायचा. थंड झाल्यावर दोन तुकडे एकमेकांवर आपटले की काचेसारखे वाजत. चुरा राहायचा तो खाली उमेच्या, म्हणजे जर्दाळूसारख्या आंबट फळाच्या, बागांमध्ये मातीत मिसळायचा, आणि मोडकीतोडकी लाकडं आंघोळीच्या बंबाखाली जायची. वाया काही जात नसे.

हिसानो लग्न होऊन आली तेव्हा मला जरा धास्ती होती, पण ती कुमाजिरोपेक्षा चपळ निघाली. तिची पकड हलकी, घाव नेमका. वर्षातून एका दिवशी मात्र दोघंही मला हात लावत नसत. हिवाळ्याच्या तोंडाशी डोंगरदेवीचा दिवस येतो. त्या दिवशी देवी आपल्या डोंगरातली झाडं मोजते. कुणी माणूस आत सापडला तर त्यालाही झाड म्हणून मोजते, आणि मग तो घरी येत नाही असं म्हणतात. आम्हां हत्यारांना आदल्या दिवशी धुऊन, पुसून फळीवर मांडायचे आणि पुढ्यात मोची, म्हणजे कुटलेल्या चिकट भाताचे गोळे, ठेवायचे. शेजारी एक वाळवलेला ओकोझे मासा. हा मासा दिसायला इतका भयंकर आहे की बघवत नाही. देवीला आपण कुरूप असल्याचं मोठं दुःख आहे, म्हणून तिला तो दाखवायचा. चला, आपल्याहून वाईट कुणीतरी आहे, असं वाटून ती खूश होते. त्या एका दिवसाची सक्तीची सुट्टी मला कशी जायची ते माझं मला ठाऊक.

त्यांना एक मुलगी झाली, तोमोए. ती चालायला लागली तशी आमच्या मागे डोंगरात यायला लागली. पाचर ठोकायला तिला फार आवडायचं. एव्हाना घरोघरी गॅस आला होता. दरीपलीकडच्या लोकांनी भट्ट्या मोडल्या, उबामे मुळासकट काढला आणि सरळसोट वाढणारी सुगी नावाची देवदारासारखी झाडं लावली. कुमाजिरो हटला नाही. पण अठराव्या वर्षी तोमोए ओसाकाला गेली, तिथल्या एका लाँड्रीत कामाला लागली. पोरीनं डोंगरात काय करायचं, असं तिला पाठवताना कुमाजिरोच म्हणाला होता. आणि ती गेल्यावर सर्वांत जास्त जिवाला लागलं तेही त्यालाच.

आता नीट ऐका, कारण आमच्या घरातली मोठी चूक इथे सुरू होते.

समुद्राच्या बाजूला आमचा एक उतार होता. एकेचाळीस बुडखे, सगळ्या डोंगरात असं लाकूड नाही. कुमाजिरोने ठरवलं, हा उतार तोमोएचा. ती परत येईल तेव्हा आपल्या हाताने कापेल, तोवर याला कुणी हात लावायचा नाही. दरवर्षी नव्या वर्षाला फोनवर तो तिला सांगायचा, तुझा उतार राखलाय बरं. ती हो म्हणायची. सात वर्षं झाली, आठ झाली. कापायची पाळी आली आणि गेली. आम्ही रोज त्या उताराखालून जायचो आणि कुमाजिरो मान वर करून कौतुकाने बघायचा. खोडं मनगटाची पोटरी झाली, पोटरीची मांडी झाली. माझा जीव खालीवर व्हायचा. वरच्या पसाऱ्याच्या अंधारात खालची बारीक खोडं एक एक वाळून जाताना मला दिसत होती. मी काय करणार? कोयत्याला ओरडता येत नाही. तो उतार सव्वीस वर्षं तसाच राहिला.

मध्यंतरी कुमाजिरोचे डोळे गेले. आयुष्यभर भट्टीच्या पांढऱ्या तोंडात बघत बसल्यावर दुसरं काय होणार? उजेड-अंधार कळायचा, बाकी सगळं धुकं. हिसानोने आणखी दोन हिवाळे एकटीने भट्टी लावली, मग तिचे गुडघे बोलायला लागले. भट्टी थंड झाली. मला मागच्या दारच्या खिळ्याला टांगलं. माझ्यावर गंजाचे ठिपके आले. सांगायला लाज वाटते, पण त्या वर्षांत माझ्या वाट्याला आलेलं मोठं काम म्हणजे एक भोपळा फोडणं.

तोमोए आली ती चव्वेचाळिसाव्या वर्षी. संसार मोडला होता, त्याबद्दल ती कधी बोलली नाही. गावातल्या गरम पाण्याच्या स्नानगृहाने तेव्हाच तेलाचा बॉयलर काढून लाकडावर चालणारा बसवला होता. तो सांभाळायचं काम तिने धरलं. पहिल्याच आठवड्यात ती मागच्या दारी आली, मला खिळ्यावरून काढलं आणि दगडावर घासत बसली. काय सांगू तुम्हाला, त्या घासण्याने माझ्या अंगावर काटा आला. मग तिने बापाला विचारलं, उतार कधी कापायचा. कुमाजिरो म्हणाला, पुढच्या हिवाळ्यात. पुढचा हिवाळा आला तेव्हाही तो तेच म्हणाला. खोडं अजून थोडी भरू देत. घाई कसली आहे? त्याचे डोळे गेले होते, भट्टी विझली होती. पोरीला देण्याजोगं त्याच्याजवळ तेवढंच उरलं होतं. कापून झालं की तेही संपणार, याची त्याला धाकधूक असावी. मी पुन्हा खिळ्याला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात उतारावरची काही झाडं लाल झाली. उबामे कधी लाल होत नाही, हे मी सांगितलंच. हिसानो वर जाऊन बघून आली आणि स्वयंपाकघरात मुलीपुढे मूठ उघडली. मुठीत गव्हाच्या पिठासारखा भुसा होता. एक भुंगेरा असतो, तांदळाच्या दाण्याएवढा. तो जाड, जुन्या खोडांत भोकं पाडून आत शिरतो आणि झाडाचं पाणी तोडतो. बारीक खोडात त्याला बिऱ्हाड करायला जागा पुरत नाही, म्हणून वेळच्या वेळी कापल्या जाणाऱ्या डोंगराकडे तो फारसा फिरकत नाही. आमच्या उतारावर त्याला मांडीएवढे वाडे तयार मिळाले होते. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याची पिल्लं बाहेर पडणार आणि उरलेल्या झाडांत घुसणार. म्हणजे जे काही करायचं ते या हिवाळ्यात. आणि झाडं कापली तरी इतके म्हातारे बुडखे पुन्हा फुटतील की नाही, याचा भरवसा नाही.

तोमोए म्हणाली, बाबांना आजच सांगू. हिसानोने तिचा हात धरला. ती म्हणाली, त्यांना दिसत नाही तेवढंच बरं आहे, निदान डोळ्यांपुढे हिरवा उतार तरी आहे. मायलेकींनी त्याला काही सांगितलं नाही आणि तिघंही चहाच्या पाण्यात शिजवलेली भाताची पेज प्यायली. मी दारामागे टांगलेला. उन्हाळा गेला, शरद सरत आला, तरी कुणी बोलेना. रोज सकाळी वाटायचं, आज सांगतील. रोज संध्याकाळी कुमाजिरो विचारायचा, माझा उतार कसा आहे? आणि हिसानो म्हणायची, आहे तसाच आहे. मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, पण ते ऐकताना मला कसंसंच व्हायचं.

शेवटी गोष्ट फोडली ती तोराइचीने. हा आमचा शेजारी, खाली त्याची उमेची बाग. जीभ सैल, मनात मात्र काही नाही. देवीच्या दिवसाच्या आदल्या दुपारी तो खारवलेल्या उमेची बरणी घेऊन आला आणि ओट्यावर बसल्या बसल्या म्हणाला, "दादा, या वर्षी तुमच्या उताराला भारीच नटायची हौस आली बुवा. जिकडं बघावं तिकडं लाल. पाहुणे फोटो काढायला येतील आता."

हिसानोच्या हातातलं फडकं थांबलं. कुमाजिरोने उमेची बी तोंडातून काढली, बशीत ठेवली आणि हवापाण्याचं काहीतरी विचारलं. तोराइची चहा पिऊन गेला. त्या संध्याकाळी कुमाजिरोने उतार कसा आहे असं विचारलं नाही.

दुसरा दिवस देवीचा. आम्ही हत्यारं धुऊन पुसून फळीवर मांडलेली, पुढ्यात मोची. उजाडता उजाडता हिसानो मागे विहिरीवर गेली तशी कुमाजिरोची बोटं फळीवरून सरकत आली. करवत, कुऱ्हाड, मग मी. मला त्याने कमरेला खोचलं आणि तो निघाला. ज्या माणसाने जन्मभर सगळ्या गावाला त्या दिवशी डोंगरात जाण्यावरून दम दिला, तो स्वतः चालला होता, तेही हत्यार घेऊन. त्या दिवशी डोंगरात कुणी भेटणार नाही, कुणी परत फिरवणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण पायांना वाट पाठ होती. दोनदा घसरला, एकदा गुडघा फुटला. तो थांबला नाही.

उतारावर पोचल्यावर त्याने पहिल्या खोडाला मिठी मारली. हात पुरेनात. त्याच्या चेहऱ्यावर समाधान आलं, ते मी बघितलं. मग हात खाली खाली गेले, पायथ्याशी भुश्यात रुतले. त्याने चिमूट उचलली, चोळली, नाकाशी नेली. पुढच्या झाडाकडे गेला. पुन्हा भुसा. त्याच्या पुढच्याकडे. सातव्या झाडाशी तो मटकन बसला. मला काढून त्याने सालीवर एक घाव घातला आणि वास घेतला. नासलेल्या दारूसारखा आंबूस वास होता. इतकी वर्षं मी ज्या लाकडासाठी तळमळत होतो त्याचा तो घास माझ्या पात्याला सोसवला नाही. कुमाजिरो रडत होता, आवाज न करता. मला त्याची इतकी कणव आली की काय सांगू.

हाका मारत मायलेकी वर आल्या. उताराच्या कडेला हिसानो थबकली, आत पाऊल टाकू की नको म्हणून. मग टाकलं.

"कधीपासून?" कुमाजिरोने विचारलं.

"उन्हाळ्यापासून."

"आणि रोज मला आहे तसाच आहे म्हणत होतीस."

"अहो, सांगितलं असतं तर कापू दिला असता का तुम्ही?" हिसानो म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

तोमोए त्याच्या शेजारी भुश्यातच बसली. ती म्हणाली, "बाबा, मला उतार नकोच होता हो. मला तुमच्याबरोबर कापायला यायचं होतं. दर हिवाळ्याला."

मग कुमाजिरोने मला उलटं धरलं आणि मूठ तिच्याकडे केली. "पायथ्याशी काप," तो म्हणाला, "बुडखा उंच ठेवू नकोस."

पण आज नाही, असं हिसानोने दोघांना बजावलं. एक घाव झाला तेवढा पुरे. तिने एप्रनच्या खिशातून तो वाळका ओकोझे काढला, डोंगराकडे तोंड करून तीनदा उंच धरला आणि म्हणाली, बाई, आम्हाला मोजू नकोस, आम्ही निघालोच. येताना तो मासा खिशात टाकायचं तिला सुचलं कसं, देव जाणे. कुमाजिरोला त्या अवस्थेत हसू आलं.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. खोडं पाडायला तोमोएने यंत्रकरवत आणली. तिचा तो कर्कश आवाज मला मुळीच आवडला नाही, पण मांडीएवढ्या खोडांपुढे माझं काय चालणार? फांद्या साळायला आणि कड तासायला मीच होतो. पहाटे बॉयलर पेटवून तोमोए वर यायची, दुपारी पुन्हा त्याला लाकूड घालायला पळायची. कुमाजिरो उताराच्या तळाशी खोक्यावर बसायचा. प्रत्येक ओंडका त्याच्यापुढे ठेवायचा. तो वाजवायचा, हुंगायचा आणि सांगायचा. धड असेल तर भट्टीला. भोकं असतील तर स्नानगृहाच्या बॉयलरला, किडे बाहेर पडायच्या आत. अगदीच सडकं आणि काटक्या असतील तर, यावर मात्र बापलेकीचं वाजलं.

तोमोएने उताराखाली एक पसरट खड्डा खणला होता. त्यात काटक्या भडकवायच्या, वर थर देत जायचं, आणि राख व्हायच्या आत पाणी ओतून विझवायचं. मऊ, ठिसूळ कोळसा होतो. तो तोराइचीच्या बागेत मातीत घालायचा होता. भट्टीचा चुरा मातीत घालणं निराळं आणि मुद्दाम असा कोळसा करणं निराळं, असं कुमाजिरोचं म्हणणं. त्याने एक तुकडा बोटांत धरला तर त्याचं पीठ झालं. हा कसला कोळसा, म्हणाला, हा वाजत पण नाही. तोमोए म्हणाली, "मातीत घालायचाय बाबा, तिला कुठं कान आहेत." तोराइची टोपल्या भरभरून घेऊन गेला, वर म्हणाला की दादांच्या हातचा वाईट कोळसा मिळायला भाग्य लागतं. कुमाजिरो दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही.

भट्टी नऊ वर्षांनी पेटली. धूर कसा आहे ते कुमाजिरोने नाकाने सांगितलं, रंग कसा आहे ते हिसानोने डोळ्यांनी, आणि आकडी तोमोएच्या हातात होती. पण मला त्या कोळशात गोडी वाटेना. माझं सगळं लक्ष वर, त्या एकेचाळीस बुडख्यांकडे. फुटतील का?

उमेला बहर येऊन गेला. चैत्रातलं ऊन पडलं. इतर ठिकाणी कोवळी पानं आली. आमचे बुडखे ढिम्म. कोंब हरणांनी खाऊ नयेत म्हणून तोमोएने जाळी ताणली, ज्यांच्यावर खाण्याजोगं अजून काहीच नव्हतं त्या बुडख्यांभोवती. मला कमरेला लावून ती रोज वर जायची आणि वाकून वाकून बघायची. मी म्यानात खुळखुळत असायचो. उमे तोडायचे दिवस आले तेव्हा एका सकाळी एका बुडख्याच्या कडेला, मी तासलेल्या कापाच्या अगदी खाली, लालसर लव असलेला कोंब दिसला. तोमोए त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि ओक्साबोक्शी रडली. पंधरा दिवसांत आणखी फुटले.

घरी कुमाजिरोने विचारलं, किती. हिसानोने मुलीकडे बघितलं. आहे तसाच आहे असं म्हणायची तिची सवय मला ठाऊक होती. पण तोमोएने सरळ सांगितलं, एकोणीस. बाकीचे बावीस गेले.

कुमाजिरोने मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्याला वर नेलं तेव्हा तो म्हणाला, आधी ते बावीस दाखवा. एकेका कोरड्या बुडख्यावर त्याने हात ठेवला, मान लववली आणि पुढे गेला. बाविसावा झाल्यावरच त्याने कोंबांना बोटं लावली. त्या दिवशी घरी येताना त्याने मला हातातच धरलं होतं.

ही गोष्ट तिथे संपली असती तर मी तुम्हाला सांगायला आलोही नसतो. तिसऱ्या हिवाळ्यात त्या एकोणीस बुडख्यांवर नुसतं रान माजलं. एकेकावर तीस-तीस, चाळीस-चाळीस फुटवे, कमरेइतके उंच, दाट. कुमाजिरो आता चौऱ्याऐंशीचा, काठी टेकत वर आला. त्याने एका बुडख्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, विरळ करायला हवेत. चांगले दहा-बारा ठेव, बाकीचे काढ.

तोमोएने मला म्यानातून काढलं. तिचा हात उचलेना. केवढ्या मुश्किलीने आले होते ते. तिने त्यांना रोज पाहिलं होतं, पहिल्या कोंबाच्या वेळी ती रडली होती. ती म्हणाली, "या वर्षी राहू देत ना, बाबा. थोडे भरू देत. पुढच्या हिवाळ्यात काढू."

कुमाजिरो काठीवर भार देऊन उभा होता. तो इतक्या हळू बोलला की मला पात्याने ऐकावं लागलं.

"सव्वीस वर्षं मी हेच म्हणत होतो, बाळ."

तोमोए खाली वाकली. तिने डाव्या हाताने फुटवे बाजूला केले, एक बारका, वाकडा निवडला आणि मला त्याच्या पायथ्याशी लावलं. एकच घाव, तिरका, दरीच्या बाजूला उतरता. मग दुसरा. दुपारपर्यंत एकोणीसही बुडखे मोकळे झाले. माझ्या पात्याला चिकट रस लागला होता, आणि कितीतरी वर्षांनी मला बरं वाटलं.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. तुमच्या घरी, शेतावर, डोंगरात तुम्ही कुणासाठी जिवापाड जपून ठेवलेलं काही असेल, तर आजच्या आज तिकडे एक चक्कर टाका. नुसतं लांबून कौतुक करू नका, खाली वाकून हात लावून बघा. घेण्याजोगं असेल ते घ्या, वाढण्याजोगं असेल ते ठेवा, आणि ज्याच्यासाठी जपलं आहे त्याला बरोबर न्या. कामाची हत्यारं भिंतीला टांगून ठेवू नका. आमचे बावीस बुडखे भुंगेऱ्याने खाल्ले असं गावात सगळे म्हणतात. मी तिथे होतो. ते पुढच्या हिवाळ्याने खाल्ले.